चोपन्न नंबरचं कार्ड

१

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी मार्नी स्ट्राउस वडिलांकडे गेली ती फक्त पुस्तकं परत आणायला. वाचनालयाची तीन जाडजूड पुस्तकं त्यांनी मुदतीपेक्षा नऊ दिवस जास्त ठेवली होती. कार्व्हर्स रनचं वाचनालय मुलीच्याच ताब्यात असल्यामुळे त्यांना कसली धास्ती नव्हती.

पुस्तकं कशाला लागली होती ते स्वयंपाकघरात शिरताच कळलं. दाराच्या चौकटीला पाठ लावून एक धिप्पाड मुलगा नुसत्या मोज्यांवर उभा होता आणि एमेट स्ट्राउस त्याच्या डोक्यावर त्यातलं सर्वांत जाड पुस्तक आडवं धरून पेन्सिलीनं खूण करत होते.

"टाच टेक. टाच टेक म्हटलं ना! छाती फुगवून उंची वाढत नाही, टोबायस."

"कोच म्हणतात सहा फूट तीन इंच."

"कोच मोजतात तेव्हा तुझ्या पायात बूट असतात आणि त्यांच्या डोळ्यात स्वप्न असतं. सहा फूट एक इंच आणि वर पाच अष्टमांश. हल आता."

मुलगा हसला. चौकटीवर अशा शेकडो खुणा होत्या, प्रत्येकीपुढे नावाची आद्याक्षरं आणि तारीख. एमेटनी हयातभर शाळेत भूमिती शिकवली, आणि चौतीस वर्षं दर शुक्रवारी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाच्या सर्वांत वरच्या रांगेत बसून मुलांची कार्डं लिहिली. त्यासाठी त्यांनी कधी कुणाकडून छदामही घेतला नाही. दोनशे मैलांतल्या कॉलेजांचे कोच मात्र त्या कार्डांवर डोळे मिटून विश्वास ठेवत. शाळेच्या छापील यादीत प्रत्येक पोरगा दोन इंच उंच असतो, त्याची निवडक फिल्म त्याचे बरे क्षणच दाखवते. एमेटचं कार्ड जे दिसलं तेवढंच सांगे. घ्या किंवा घेऊ नका, हे त्यांनी कधी लिहिलं नाही. ते ठरवणं आपलं काम नव्हे, असं ते म्हणत.

टोबायस कुचार बूट चढवून गेला. एमेटनी पुस्तकावरची धूळ बाहीनं पुसली.

"उद्या येतेस का? घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. शेजारची जागा रिकामी आहे."

"उद्या वाचनालयात पुस्तकमोजणी आहे, डॅड," मार्नी पुस्तकं पिशवीत भरत म्हणाली.

"बरं. जॅकेट ठेवीन मग तिथे."

तिनं सूपचं भांडं फ्रिजमध्ये ठेवलं, त्यांना औषधाची आठवण करून दिली आणि निघाली. शनिवारी सकाळी ते फोन उचलेनात. ती गेली तेव्हा ते स्वयंपाकघरातच, टाइपरायटरसमोर खुर्चीत होते. कॉफी गार झाली होती. कोपराशी एक बंद पाकीट होतं, हॅलोवे कॉलेजच्या पत्त्याचं, वर निळ्या पक्ष्याचं तिकीट. डॉक्टर येईपर्यंत ती त्या पक्ष्याकडेच बघत बसली होती.

२

अंत्यविधी बुधवारी झाला. पुढच्या सोमवारी एक गृहस्थ दारात आला, टोपी हातात धरून.

"ऑगी टियर्नी. हॅलोवे कॉलेजचा कोच. दफनाला पोचता आलं नाही, माफ करा. एकवीस वर्षं तुमच्या वडिलांची कार्डं वाचतोय." तो घुटमळला. "आणि हे शेवटचं मला पचत नाहीये."

त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं. मार्नीनं कार्ड वाचलं. अक्षरं त्याच टाइपरायटरची होती, e ची पोकळी शाईनं भरलेली.

*टोबायस कुचार, नंबर ५४. बचावाची मधली फळी. मोज्यांवर ६ फूट १ आणि ५/८ इंच. पाय जड. तिसऱ्या भागात एकाच खेळाडूनं दोनदा मागे रेटलं. दोन्ही वेळा शेजारच्या ७२ नं हात देऊन उठवलं. शिट्टी व्हायच्या आधीच थांबतो. कॉलेजच्या पातळीचा नाही.*

मागच्या बाजूला नेहमीची नोंद होती. कोणत्या परिस्थितीत पाहिलं, हे एमेट कायम लिहीत. *शुक्रवार. थंडी, वारा नाही. वरची रांग. शेजारी: लाइल.*

"सप्टेंबरात ते मला फोनवर म्हणाले होते, ऑगी, हा पोरगा स्वतः येऊन बघ," टियर्नी म्हणाला. "एकवीस वर्षांत असं दोनदाच म्हणाले. माझ्याकडे त्या जागेसाठी एकच स्कॉलरशिप आहे. कुचार नाही, तर त्याच फळीतला दुसरा, गॅरेट हॅडिक्स. येत्या शुक्रवारी यादी बंद. एमेट नाही म्हणत असतील तर माझ्यासाठी विषय संपला. पण म्हटलं, तुम्हाला एकदा विचारावं. शेवटी शेवटी त्यांचं... म्हणजे डोकं..."

"डोकं ठिकाणावर होतं," मार्नी म्हणाली.

आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. तिनं पाकीट उलटवलं. शिक्का मंगळवारचा होता. तिकिटावर झेंडा होता.

शनिवारी टेबलावर दिसलेलं पाकीट तिनं पोस्टात टाकलेलं नव्हतं. बुधवारपर्यंत ते तिथून गेलं होतं, आणि कुणीतरी सज्जनपणानं टाकलं असेल असं तिनं धरलं होतं.

"मिस्टर टियर्नी, माझ्या वडिलांनी 'पातळीचा नाही' हे शब्द आयुष्यात लिहिले नाहीत. आणि हे पाकीट त्यांचं नाही. मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

३

शनिवार ते मंगळवार घरात बरीच माणसं येऊन गेली, पण टाइपरायटरपाशी एकटी राहिलेली तिघंच. सोमवारी शाळेचे कोच रुस्नाक बायकोनं केलेले पिरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, घेऊन आले होते आणि मार्नी फोनवर अडकल्यामुळे अर्धा तास स्वयंपाकघरात बसले होते. त्याच दुपारी किप लँडर आला. पैसे घेऊन मुलांच्या फिल्मा कॉलेजांना पाठवणं हा त्याचा धंदा, आणि गॅरेट हॅडिक्स त्याचं गिऱ्हाईक. एमेटच्या कार्डांचे खोके विकत मिळतील का, हे विचारायला तो थांबून राहिला होता. तिसरे लाइल हॅडिक्स, गॅरेटचे आजोबा, वडिलांचे तीस वर्षांचे मित्र. एमेटच्या मांजराला खायला घालण्यासाठी त्यांच्याकडे घराची किल्लीच होती.

लाइलकाकांचं केस कापायचं दुकान मेन स्ट्रीटवर होतं. भिंतीवर सत्तर सालापासूनच्या संघांचे फोटो. खुर्ची रिकामी होती.

"बस, पोरी. टोकं छाटून देतो. बापाच्या दफनाला असे केस घेऊन आलीस, एमेटनं माझ्याच नावानं खडे फोडले असते."

ती बसली. गळ्याभोवती कापड आलं. आरशात दोघं एकमेकांकडे बघत होती.

"लाइलकाका, त्या शुक्रवारी डॅड कसे होते?"

"नेहमीसारखे. थर्मास माझा, स्टॉपवॉच त्याचं. हाफटाइमला माझ्या कॉफीला नावं ठेवली आणि दोन कप प्याला."

"आणि मॅच?"

कात्री थांबली. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "तिसरा भाग बघायला हवा होतास! आपला गॅरेट, बहात्तर नंबर, नुसती भिंत गं! आणि मनानं कसा, सांगू? शेजारचा चोपन्न दोनदा आडवा झाला, दोनदा यानं हात देऊन उठवला."

"चोपन्न म्हणजे टोबायस."

"हं. पोरगा गुणी आहे. पण पाय जड." कात्री पुन्हा चालू लागली. "एमेटलाही तेच दिसलं असणार. लिहिलं असेल त्यानं."

कार्डात होतं तेच हा माणूस सांगत होता, आणि हा माणूस तर त्यांच्या शेजारी बसलेला. मग ते खरंच असलं तर? वडिलांनी सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा एक निकाल लिहिला, तिकीट बदललं, आणि ती उगाच एका मुलाच्या भोवती गोष्ट रचत असली तर? बाहेर पडताना तिला मानेवर गार वारा लागला आणि हात आपोआप छाटलेल्या केसांकडे गेला.

४

कोच रुस्नाक व्यायामशाळेत वजनं रचत होते.

"ती चौकट विकणार आहेस का?" त्यांनी विचारलं. "मी विकत घेतो आणि जाळतो. त्या चौकटीनं माझी पोरं बुटकी केली. यादीत सहा-तीन लिहायचो, तुझा बाप कॉलेजला सहा-एक कळवायचा. सहा-एक आणि पाच अष्टमांश! त्या अष्टमांशानं जीव जायचा माझा."

"राग होता ना त्यांच्यावर?"

"दर शुक्रवारी असायचा. शनिवारी जायचा." त्यांनी हात झटकले. "काय हवंय, मार्नी? तू काही व्यायामाला आली नाहीस."

"शेवटच्या मॅचला तिसऱ्या भागात चोपन्न नंबर दोनदा मागे रेटला गेला का?"

"गेला की. चांगलाच."

"म्हणजे टोबायसचे पाय खरंच—"

"टोबायस?" रुस्नाक हसले आणि मग हसायचे थांबले. "टोबायस कुठे होता चोपन्नात? अगं, पोरांनी शर्ट बदलले होते त्या रात्री. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी यंदाच काढलेली टूम. घरच्या शेवटच्या मॅचला प्रत्येकानं फळीतल्या शेजाऱ्याचा शर्ट घालायचा. पंचांना सांगितलं, सुरुवातीला लाउडस्पीकरवर जोड्या वाचून दाखवल्या. टोबायस आणि गॅरेट खांद्याला खांदा लावून खेळतात, दर डावाला डावे-उजवे बदलतात. टोबायस बहात्तर होता."

"आणि चोपन्न गॅरेट."

"बिचारा. आठवडाभर बोलत नव्हता त्या मॅचबद्दल. आणि गंमत म्हणजे रविवारी घरोघरी फिल्म गेली, तिला आवाज नसतो. छतावरून काढलेली, बावीस हेल्मेटं. अशा फिल्ममध्ये आम्ही चेहरे बघतच नाही, नंबर बघतो. माझ्याच मदतनिसानं सोमवारी टोबायसच्या नावावर दोन चुका मांडल्या होत्या."

मार्नी गाडीत जाऊन बसली, पण गाडी सुरू केली नाही. कार्ड लिहिणाऱ्यानं लाउडस्पीकर ऐकलेला नव्हता. मॅच त्यानं फक्त फिल्मवर पाहिली होती. वडील वरच्या रांगेत होते, म्हणजे ते नव्हेत. रुस्नाकांनी तर स्वतःच परवानगी दिलेली. तिनं लँडरला फोन लावला.

"होतो ना तिथे," लँडर म्हणाला. "शर्टांच्या जोड्या वाचल्या तेव्हा सगळ्या आया डोळे पुसत होत्या. माझी बायकोसुद्धा, आणि तिला फुटबॉल म्हणजे काय तेही माहीत नाही. मॅडम, खोक्यांचं काही ठरलं का?"

"नाही," मार्नी म्हणाली आणि फोन ठेवला.

उरलं एकच नाव. पण तो माणूस तर वडिलांच्या शेजारी बसला होता. कार्डाच्या मागे तसं लिहिलं होतं, तो स्वतः तसं म्हणाला होता, आणि तीस वर्षं तसंच घडत आलं होतं.

५

गुरुवारी सकाळी वडिलांच्या स्वयंपाकघरात तिनं कार्डांचे खोके उघडले. पाठीमागच्या नोंदी तेवढ्या वाचत गेली. *शेजारी: लाइल. शेजारी: लाइल.* अगदी पहिल्या खोक्यात मात्र वेगळी नोंद सापडली. *पाऊस. वरची रांग. शेजारी: मार्नी (वय १०, स्टॉपवॉच तिच्याकडे).* अशी एकोणतीस कार्डं होती. मग मार्नी चौदाची झाली, आणि त्यानंतर तशी कार्डं नव्हती.

ती कार्डं हातात घेऊन बसली असताना तिला ते वाक्य ऐकू आलं. *शेजारची जागा रिकामी आहे.*

ते एका एकट्या म्हाताऱ्याचं आर्जव आहे असं तिला वाटलं होतं, आणि म्हणूनच तिनं घाईनं पुस्तकं भरली होती. पण एमेट स्ट्राउस असं बोलणारा माणूसच नव्हता. पाच अष्टमांश म्हणजे पाच अष्टमांश. जागा रिकामी म्हणजे जागा रिकामी. ते तिला एक माहिती देत होते.

लाइलकाका दुकानात पेपर वाचत होते. मार्नीनं दारावरची पाटी उलटवून 'बंद' केली.

"डॅडनी गुरुवारी मला मॅचला बोलावलं होतं," ती म्हणाली. "शेजारची जागा रिकामी आहे म्हणाले. तुम्ही तिथे नव्हतात, काका."

पेपर हळूहळू घडी झाला.

"भांडलो होतो," ते म्हणाले. "गॅरेटच्या कार्डावर एक इंच वाढव म्हटलं. एक इंच, पोरी! तीस वर्षांत काही मागितलं नव्हतं. म्हणतो कसा, चौकट जे म्हणते ते मी लिहितो. मी म्हटलं, मग बस त्या चौकटीला घेऊन मॅच बघायला. हे माझं शेवटचं बोलणं त्याच्याशी." त्यांनी चष्मा काढला. "रविवारी फिल्म बघितली. बहात्तर असा खेळलेला! मला वाटलं, एवढं पाहूनही एमेट त्या कुचारचीच तारीफ लिहून गेला असणार. सोमवारी तुमच्या मांजराला खायला घालायला गेलो, पाकीट समोरच होतं. उघडलं. वाटलं, तो आता नाही, पण पोराचं आयुष्य आहे."

"त्यात काय होतं ते नीट वाचलंत?"

"पहिले दोनच शब्द वाचले. टोबायसचं नाव. पुढे वाचवेना."

"काका, त्या रात्री मुलांनी शर्ट बदलले होते. लाउडस्पीकरवर सांगितलं होतं. बहात्तर टोबायस होता."

म्हाताऱ्याचे ओठ हलले, आकडे मांडत असल्यासारखे. तिनं टियर्नीकडचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा पुन्हा लावून स्वतः टाइप केलेलं वाचलं, ओळीखाली बोट धरून.

"पाय जड," ते म्हणाले. "दोनदा मागे रेटलं... हे मी गॅरेटबद्दल लिहिलंय?"

"जे दिसलं तेच लिहिलंत. तीस वर्षं त्यांच्याशेजारी बसून शिकलात ते. शेवटची ओळ तेवढी तुमची."

बाहेर कुणीतरी दार हलवून बघितलं, पाटी वाचली आणि निघून गेलं. लाइलकाकांनी गल्ल्याच्या खालचा खण उघडला. निळ्या पक्ष्याचं पाकीट फाडलेलं होतं, पण फेकलेलं नव्हतं. मार्नीनं कार्ड बाहेर काढलं.

*टोबायस कुचार, नंबर ५४ (आज शर्ट ७२). मोज्यांवर ६ फूट १ आणि ५/८. पहिलं पाऊल या फळीत सर्वांत जलद. शिट्टीपर्यंत थांबत नाही. शेजारचा मित्र दोनदा पडला. दोन्ही वेळा चेंडू कुठे आहे हे बघायच्या आधी याने हात दिला. मित्राचा शर्ट अंगात असल्यामुळे नव्हे. एरवीही देतो.*

मागे: *थंडी, वारा नाही. वरची रांग. शेजारी: कोणी नाही. जॅकेट.*

लाइलकाकांनी ती शेवटची ओळ वाचली आणि तोंड फिरवलं.

"मी आज हे कार्ड हॅलोवेला देणार," मार्नी म्हणाली. "बदललं कुणी, ते मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगा."

ते उठले. भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. "नंबर वाच," ते म्हणाले. मग वळून न बघता, "मी तिथे हवा होतो गं. निदान तुला तरी काम होतं."

मार्नीनं नंबर वाचून दाखवला.

६

शुक्रवारी दुपारी टियर्नीचा फोन आला. टोबायसनं होकार दिला होता. लाइलबद्दल टियर्नी एवढंच म्हणाला, की फार अवघड फोन होता आणि म्हाताऱ्यानं तो पुरता केला. गॅरेटसाठी एका लहान कॉलेजात विचारून बघतो, पण खरं माप सांगून.

मार्नी वडिलांच्या घरी गेली. खुंटीवरचं जॅकेट घेतलं आणि मैदानावर आली. हंगाम संपला होता. फाटक उघडंच होतं. गवतावरच्या पांढऱ्या रेषा अर्ध्या पुसल्या होत्या, आणि ऊन तिरपं होऊन वरच्या रांगेवर तेवढं उरलं होतं. ती पायऱ्या चढली, मध्ये एकदा थांबली.

जागा शोधावी लागली नाही. लाकडी बाक एका ठिकाणी गुळगुळीत झाला होता, आणि त्याच्या शेजारी जरा कमी. ती त्या शेजारच्या जागेवर बसली, जॅकेट गुळगुळीत जागेवर ठेवलं, बाह्या दुमडल्या.

चौदाव्या वर्षी तिनं यायचं सोडलं ते एका शुक्रवारी उगाच. त्यांच्याजवळ उभं राहिलं की आपण टाच टेकून चौकटीला उभ्या आहोत असं तिला वाटे. त्यांनी तिला कधी मोजलं नव्हतं. चौकटीवर तिची एकही खूण नव्हती. हे तिला काल, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, शोधूनही न सापडल्यावर कळलं होतं.

खाली एक माणूस मैदानाच्या कडेनं कुत्रा फिरवत होता. तो लांब जाईपर्यंत ती थांबली.

"डॅड," ती म्हणाली. इथे आवाज फार लांबवर जात नव्हता. "त्या शुक्रवारी पुस्तकमोजणी नव्हती. त्याच्या आधीही कधी नव्हती. मी घरीच होते."